आग्रा रोडवर पायी

जळगावहून एसटीने धुळ्याला आलो आणि राजवाडे संशोधन मंडळाकडे पायीच निघालो. खानदेशात 1818 मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठच्या या गावाची आखणी केली. आग्रा रोडला समांतर जाणाऱ्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकांनीच ओळखल्या जातात, त्यामुळे नवखा माणूससुद्धा सहसा चुकत नाही. मोटारी येण्याच्या कितीतरी आधी आखलेली ही पेठ पायी चालणाऱ्याच्या मापाची आहे.

मुंबई-आग्रा महामार्ग पूर्वी या पेठेतून जात असे. आता तो शहराबाहेरून जातो. मालमोटारी गेल्या, तरी पाचकंदीलच्या परिसरात मला कोंडीच भेटली. ही कोंडी परगावच्या वाहनांची नसून शहरातच जवळपास जाणाऱ्या दुचाकींची आणि रिक्षांची आहे, त्यामुळे आणखी एक वळणरस्ता काढून ती सुटेल असे मला वाटत नाही.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. येथे आधी दुकानाची पायरी, मग उभ्या दुचाकी, त्यापुढे हातगाडी, आणि उरलेला माणूस थेट वाहनांमध्ये. तो रस्त्यावर उतरला की वाहने रेंगाळतात, आणि दोन-चारदा धक्के खाल्ल्यावर तोही किराणा आणायला दुचाकी काढतो. दोष मात्र हातगाडीवाल्याला देऊ नये. त्याचे गिऱ्हाईक पायीच येते, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्यानेही त्याच्यासाठी जागा नेमून देणे अपेक्षित आहे.

वैशाखातले ऊन पाहता येथे पेव्हर ब्लॉकच्या आधी कडुनिंबाची सावली हवी. एखादी गल्ली सायंकाळपुरती वाहनांना बंद ठेवावी आणि वाहनतळ पेठेच्या कडेला करावा, असे मी एका कापड दुकानदाराला सुचवले. दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या वेळी दारात उभ्या असलेल्या गाड्या कोणाच्या, असे विचारल्यावर मात्र ते हसले. बहुतेक गाड्या त्यांच्या आणि शेजारच्या दुकानांतील कामगारांच्याच होत्या.