सप्टेंबरातला स्वेटर

मंगळवार, रात्री पावणेबारा

दोन दिवस झाले, आईच्या हिशोबाच्या वहीतली दीड ओळ डोक्यातून जात नाहीये. लिहून काढलं तर झोप तरी लागेल.

रविवारी माळा आवरताना वह्यांचा गठ्ठा निघाला. दूध, वाणी, इस्त्री, भिशी. १९९३ची वही मी शोधत नव्हते, ती आपली हातात आली. सप्टेंबरच्या शेवटच्या पानावर ज्वारीच्या खाली आईचं मुंगीसारखं अक्षर: "३० गुरु. पहाटे भूकंप. पोरांना घेऊन बाहेर. हे पुण्याला. दूध आलं नाही."

हे पुण्याला.

मग मला कुणी उचललं?

किल्लारीची ती पहाट माझ्याकडे अख्खी आहे. म्हणजे होती. भांडी खणखणली, फडताळातली पितळी परात पडून गोल गोल फिरत राहिली. अण्णांनी मला अंथरुणासकट उचललं, जिना उतरले. त्यांच्या तपकिरी स्वेटरची लोकर गालाला टोचत होती. खाली कडुनिंबाजवळ सगळा वाडा जमलेला, मिट्ट काळोख, कुणाची तरी बॅटरी. मी आठ वर्षांची. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, अण्णांच्या तेराव्याला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगितली. गेल्या महिन्यात लेकीनं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहून नेली.

आणि अण्णा त्या रात्री लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक बघत उभे होते. निदान आईला तरी तसं सांगून गेले होते. पुण्याच्या त्या फेऱ्यांचं… जाऊ दे.

रविवारी रात्री मी रडले, खोटं कशाला बोलू. तिकडे त्या पहाटे हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली आणि मी इथे कुणी उचललं नाही म्हणून रडतेय, हेही कळत होतं. तरी रडले. अण्णा काही जवळ घेणारे नव्हते. प्रगतिपुस्तकावर सही, दिवाळीला फटाक्यांची वाटणी, एवढाच संबंध. त्यात हा एक जिना होता. तोही गेला.

मग चिडून मी उलटतपासणीच सुरू केली. अनंत चतुर्दशीची रात्र, पहाटेचे तीन छप्पन्न. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. म्हणजे आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र, आणि माझ्या आठवणीत मिट्ट काळोख. ढग असतील, असं म्हणून मी थोडा वेळ स्वतःची वकिली केली. पण स्वेटर? सोलापुरात, सप्टेंबरात, स्वेटर? इथे डिसेंबरातसुद्धा लोक हौसेनं घालतात. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतेय आणि मला, ऐकणाऱ्या एकालाही, हा प्रश्न पडला नाही.

ह्या बाबतीत सोबतीला माणूस मिळाला तो थेट अमेरिकेतला. उल्रिक नायसर, मानसशास्त्रज्ञ. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या दिवशी, ७ डिसेंबर १९४१ला, त्याला तेरा पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. आपण रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो आणि ती थांबवून बातमी दिली, हे त्याला लख्ख आठवायचं. कित्येक वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल नसतोच. त्याचा बेसबॉल, माझा स्वेटर.

पुढे १९८६च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा त्यानं आणि निकोल हार्श हिनं एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी सकाळी लिहून घेतलं: बातमी कुठे ऐकली, कुणी सांगितली, काय करत होतात. अडीच-एक वर्षांनी त्यांच्यातल्या चव्वेचाळीस जणांना पुन्हा तेच विचारलं. अकरा जणांचं एकही उत्तर मूळ कागदाशी जुळलं नाही. खात्री मात्र सगळ्यांची मिळून सरासरी पाचपैकी ४.१७! आणि मला खरं टोचलं ते पुढचं. त्यांच्यासमोर त्यांच्याच अक्षरातला कागद ठेवला, तरी खरं काय घडलं ते त्यांना आठवेना. नवीन आठवणच खरी वाटत राहिली.

माझंही तेच झालंय. वही समोर आहे, तारीख आहे, वार जुळतो. डोळे मिटले की जिना, आणि जिन्यावर अण्णाच.

काल दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, मला उचललं होतं. तू चालत आलीस, तुझी एक चप्पल राहिली वर." कुणी उचललं विचारलं तर म्हणे, "अण्णांनीच की." घ्या! जुळ्या भावंडांवर २००१ साली एक अभ्यास छापून आलाय, त्यात दोघंही एकाच प्रसंगावर 'हे माझ्याबाबतीत घडलं' असा दावा सांगताना सापडली. आम्ही तर जुळेही नाही, आणि भांडतोय त्या जिन्यावर माणूसच नव्हता.

अण्णा स्वतः काय सांगायचे, तेही आठवलं. "एका हातात ही, एका हातात ट्रान्झिस्टर." दर गणपतीत. खोटं बोलत होते? मला नाही वाटत. मी पहिल्यांदा सांगितलं असेल, त्यांना आवडलं असेल, पुढच्या वर्षी त्यांनी ट्रान्झिस्टर घातला असेल. आठवण काढली की ती परत मऊ पडते आणि पुन्हा घट्ट व्हावी लागते, हे २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं म्हणे. लोणच्याच्या बरणीत दर वेळी ओला चमचा. आम्ही तर तिघं-चौघं आपापले चमचे घेऊन बसलो होतो.

राहिली आई. आज दुपारी चहा झाल्यावर तिच्यापुढे वही धरली. तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"अक्षर माझंच हाय."

"मग?"

"मग काय? तुला ह्यांनी उचललं होतं की गं. जिन्यावरनं."

"आई, अण्णा पुण्याला होते. तूच लिहिलंयस."

"लिहिलं असंल. मला तर चांगलं आठवतंय, मी परात उचलत होते आणि हे खाली गेले."

मला हसू फुटलं. चहा सांडला, तिच्या शिव्या खाल्ल्या. दोन दिवस मी अण्णांसाठी रडतेय, आणि वाड्याच्या त्या अरुंद जिन्यावरून दोन पोरं घेऊन जी बाई एकटी उतरली, तिनं स्वतःच तो जिना नवऱ्याच्या नावे करून दिलाय. सात-बारासकट. मला तर रडतानाही एकदा तिचं नाव सुचलं नाही. ह्याची लाज वाटायला हवी. वाटतेय. पण तिला नाही ना वाटत काही, ती आपली गवार मोडत बसली होती.

लेकीला सांगायचं का? प्रोजेक्टवर बाईंचा 'छान!' असा शेरा आलाय.

त्या नायसरच्या गोष्टीला शेपूट आहे. दोघा संशोधकांनी जुने कागद काढून दाखवलं की त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलची मॅच होती. संघांची नावं जायंट्स आणि डॉजर्स, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघांचीच, आणि मैदानही बेसबॉलचंच. म्हणजे पोरानं सगळंच हवेतून आणलं नव्हतं.

म्हणून मघाशी पुन्हा वही घेऊन बसले. ऑक्टोबरचं पूर्ण पान रॉकेल आणि कांदे. दिवाळीची खरेदी, साटोऱ्यांचा रवा, माझा परकर. मग दिवाळीनंतर:

"१७ नोव्हें. तपकिरी लोकर, ह्यांना. ६ गुंडे. दूध १ लि. जास्त."