चूक कुठून आली, ते आधी पाहा

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायची. राज्यात ती पहिलीपासून आली 2000 साली. त्याआधीच्या आम्हा सगळ्यांची एबीसीडीशी ओळख दहाव्या-अकराव्या वर्षी झाली. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही आणि गावात इंग्रजी पेपर येत नाही. इंग्रजी अक्षरं दिसायची ती बियाण्याच्या पाकिटावर आणि फवारणीच्या औषधाच्या डब्यावर. गणिताची भीती वाटणारी मुलं होती, पण इंग्रजीची भीती वर्गातल्या एकूण एक मुलाला होती. वाचायला उभं केलं की आवाज जायचा.

आठवीत आम्हाला इंग्रजीला जे सर मिळाले, त्यांच्या शिकवण्याविषयी मला आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं आहे. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना कधीच आवडलं नाही, म्हणून इथे फक्त 'सर' म्हणते. माझ्या आगेमागे शिकलेल्यांना ते कोण हे लगेच कळेल.

सर चूक खोडत नसत. चुकलेल्या वाक्याखाली लाल शाईने एक रेघ मारत आणि शेजारी लिहीत, 'कुठून आलं?' मग आम्ही वहीच्या उजव्या रकान्यात ते वाक्य मनात ज्या मराठीत आलं होतं, ती मराठी लिहायची. पुस्तकी मराठी नाही, घरची. एखादं पोरगं मान खाली घालून उभं राहिलं की ते म्हणत, "हे चूक तुह्या डोक्यातून नाही आली बापू, तुह्या भाषेतून आली. ते कुठून आली ते सापडलं, का निंघून जाते."

सगळ्यात आधी सापडलं ते आपलं 'राहिलं'. आपण वऱ्हाडीत 'काय करून राहिला', 'कुठी जाऊन राहिला' असं बोलतो, आणि 'मले समजून नाही राहिलं' असंही बोलतो. पुण्याकडचा माणूस 'मला समजत नाही' म्हणेल. आमची मुलं इंग्रजीत लिहीत, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. 'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हीही त्यातलीच. सरांनी फळ्यावर दोन ओळी काढल्या. वरच्या ओळीत चालणे, लिहिणे, वेचणे, निंदणे, म्हणजे माणूस करताना डोळ्यांना दिसेल अशी कामं. खालच्या ओळीत माहीत असणे, समजणे, हवं असणे, जवळ असणे. इंग्रजी वरच्या क्रियापदांना बिनधास्त 'आयएनजी' लावते आणि खालच्यांना सहसा लावत नाही. 'शी इज पिकिंग कॉटन' बरोबर, 'शी इज वाँटिंग कॉटन' नाही. आमच्या बोलीत 'राहिलं' दोन्ही ओळींना लागतं, म्हणून गफलत होते. त्या तासाला मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या बोलीलाही व्याकरण आहे, आणि ते शाळेत फळ्यावर लिहिण्याजोगं आहे. वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध बोलणं, असंच तोवर ऐकलेलं होतं.

त्यानंतर 'पासून'. 'मी 1990 पासून इथे राहतो' आणि 'मी चार वर्षांपासून इथे राहतो', मराठीत दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. त्यातून वर्गभर एकच वाक्य उमटायचं: 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फोर इयर्स'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', काळाची लांबी सांगायची तर 'फॉर', आणि गोष्ट तेव्हा सुरू होऊन अजून चालू असेल तर 'हॅव बीन'. म्हणजे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फोर इयर्स'. सर विचारत, "पोळ्यापासून का पंधरा दिवसांपासून?" पोळा म्हटला की 'सिन्स', पंधरा दिवस म्हटले की 'फॉर'. आजही अकरावीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारते.

'जरी' आणि 'तरी' आपल्याकडे जोडीने येतात, त्यामुळे 'ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' हे वाक्य मराठी कानाला अगदी भरलेलं वाटतं. इंग्रजीला त्यातला एकच शब्द पुरतो, दोन्ही नको. 'गेला नाही' म्हणताना आपलं 'गेला' भूतकाळातच राहतं आणि नुसतं 'नाही' जोडलं जातं, तिथून 'डिड नॉट वेन्ट' येतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो, क्रियापद मूळ रूपात परत जातं, म्हणून 'डिड नॉट गो'.

सरांचा सर्वात जास्त वेळ 'म्हणाला की' या एका गोष्टीवर जायचा, आणि तो जावा असंच माझंही मत आहे. मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं पुढे देतो: 'भाऊ म्हणाला की मी उद्या येतो.' येणार भाऊ, हे ऐकणाऱ्याला कळतं. त्याचंच शब्दशः इंग्रजी केलं, 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो', तर व्याकरणाला धक्का लागत नाही, पण येणारा माणूस बदलतो. आता भाऊ येत नाही, निरोप सांगणारी मी येते. 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' म्हटलं की निरोप खरा पोचतो. डायरेक्ट-इनडायरेक्ट हा परीक्षेतला मार्कांचा प्रश्न म्हणून सगळीकडे घोकून घेतात. सर आम्हाला दोघांच्या मध्ये तिसऱ्याला उभं करून निरोप पोचवायला लावायचे. नियम पाठ नसलेली मुलंही तिथे अडली नाहीत.

सामान्य नाम मोजता येतं की नाही, हे त्यांनी कापसावर शिकवलं. "दोन कापूस झाले असं म्हणते का कोणी? क्विंटल म्हणते." तसंच 'कॉटन'चं, तसंच 'फर्निचर'चं. 'इन्फर्मेशन्स' लिहिणाऱ्याला ते विचारत, "आपण माहित्या म्हणतो का?" म्हणजे इथे मराठीच मदतीला येते. पण 'सल्ला'चं 'सल्ले' होतं म्हणून 'ॲडव्हायसेस' लिहिलं जातं, आणि 'केस पिकले' म्हणतो म्हणून 'हिज हेअर्स आर व्हाइट'. मराठी कुठे वाट दाखवते आणि कुठे चुकवते, हे एकेका शब्दागणिक पाहावं लागतं. त्यासाठीच ती दोन रकान्यांची वही होती.

'ए' आणि 'ॲन'बद्दल आधी शिकलेलं असायचं की पुढे स्वराचं अक्षर आलं की 'ॲन'. ते अर्धवट आहे. अक्षराकडे नाही, आवाजाकडे पाहायचं. म्हणून 'ॲन आवर' आणि 'ॲन ऑनेस्ट मॅन', पण 'ए युनिव्हर्सिटी', कारण तिथे तोंडातून 'यु' निघतो. 'बस' एकटी असली तर 'ए बस', 'एसटी बस' झाली की 'ॲन'. एक गोष्ट मात्र खास आपल्याकडची होती. आमची मुलं 'ॲन स्कूल' लिहीत, कारण ती 'इस्कूल' म्हणत. कानाशी खरं राहून लिहिलेली चूक होती ती. सरांनी ती वहीत दुरुस्त केलीच नाही, आधी उच्चार सुधारून घेतला. चूक आपोआप गेली.

काही शब्द थोडक्यात सांगते. 'डिस्कस'मध्ये 'विषयी' आधीच आहे, म्हणून 'डिस्कस अबाउट' नको, आणि 'रिटर्न'मध्ये परत येणं आहे, म्हणून 'बॅक' नको. उसनं घेणं म्हणजे 'बॉरो', देणं म्हणजे 'लेंड'. 'मॅरीड'च्या पुढे 'विथ' नाही, 'टू'. लग्नाचा मांडव, वाजंत्री, पंगत म्हणजे 'वेडिंग'. त्यानंतरचा संसार म्हणजे 'मॅरेज'. सुट्टीच्या अर्जात 'माय सिस्टर्स मॅरेज'साठी रजा मागितली तरी मुख्याध्यापकांना समजायचंच, पण सर तो अर्ज परत लिहून घेत.

दहावीनंतर मी बाहेर शिकायला गेले. एका कॉलेजात माझ्या गावाकडच्या एका मैत्रिणीच्या इंग्रजीवर भर वर्गात हसण्यात आलं. तिने त्या वर्षी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. तिची चूक 'डिड नॉट'चीच होती. कुठून आली हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. या गोष्टीचा राग मला अजून आहे, आणि मी शिक्षकी पेशात आले त्यात या रागाचा मोठा वाटा आहे.

भारतीय इंग्रजीतलं सगळंच चूक आहे असं मात्र मी मुलांना सांगत नाही. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ वेगवेगळे; इंग्रजीचा 'कझिन' भाऊ की बहीण एवढंही सांगत नाही, म्हणून 'कझिन ब्रदर' आला. 'पोस्टपोन'च्या उलट 'प्रीपोन' आपण रुळवला आणि तो इंग्रजी शब्दकोशांत भारतीय प्रयोग म्हणून नोंदला गेला. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशाच्या दहाव्या आवृत्तीत चाळ, डबा, हरताळ हे शब्दही आले. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर '1994 पास आउट' लिहितात. भारतात तो अर्थ सगळ्यांना कळतो, तिथे मी कोणाला अडवत नाही. पण ब्रिटिश वाचक 'पासिंग आउट' सैन्याच्या किंवा पोलिसांच्या प्रशिक्षणाशी जोडतो, नाहीतर त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा घेतो. परदेशी अर्ज करणाऱ्या मुलाला मी 'कम्प्लीटेड' किंवा 'ग्रॅज्युएटेड' लिहायला लावते. कुठे कोणासमोर लिहितो आहोत, त्यावर ठरतं.

आता मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतात, मोबाइलवर रोज इंग्रजी ऐकतात, पुष्कळांचं शब्दभांडार आमच्यापेक्षा मोठं आहे. तरी 'सिन्स फोर इयर्स' तिथेच आहे, 'ऑलदो'नंतरचा 'बट' तिथेच आहे. यात नवल नाही, कारण घरी अजून 'पासून' आणि 'जरी-तरी'च बोलतात, आणि तसंच बोलावं. मोबाइल चुकीच्या वाक्याखाली रेघ ओढून बरोबर वाक्य देतो. कुठून आलं, हे विचारत नाही.

माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांसाठी सरांच्या पद्धतीने इंग्रजीचे वर्ग घ्यायला मी गावी येईन. वर्गखोली आणि फळा मिळाला तर पुरे. मुलांनी इंग्रजीच्या चालू वर्षाच्या वह्या, चुका खोडल्या नसतील अशा, सोबत आणाव्यात. आणि ज्या जुन्या विद्यार्थ्यांकडे सरांच्या वेळच्या दोन रकान्यांच्या वह्या उरल्या असतील, त्यांनी त्या शाळेच्या वाचनालयात जमा कराव्यात. माझ्याकडच्या दोन मी देते आहे.