बर्लिनमध्ये घर बघताना पोराची पावलं मोजा

कधी अमळनेरहून, कधी धुळ्याच्या देवपुरातून, कधी शहाद्याकडून निरोप येतो. नवऱ्याला किंवा बायकोला बर्लिनमध्ये नोकरी लागलेली असते, पदरात एक लहान मूल असतं, दुसऱ्याचा विचार चाललेला असतो, आणि प्रश्न एकच असतो: ताई, कुठल्या भागात घर बघू, आणि भाडं किती पडेल?

भाड्याबद्दल सांगतेच. पण त्याआधीचं माझं ठाम मत आहे. घरात लहान मुलं असतील तर ऑफिसचं अंतर दुसऱ्या नंबरवर ठेवा आणि पोराचं अंतर पहिल्या. पाळणाघर, शाळा, खेळायची जागा, मुलांचा डॉक्टर, दूध-भाजी हे सगळं मुलाच्या चालीने दहा-बारा मिनिटांत आलं पाहिजे. लांबचा प्रवास करायचाच असेल तर तो आईबापाने करावा. मोठं माणूस गाडीत बसून पुस्तक वाचतं, डुलकी काढतं. तीन वर्षांचं पोर थंडीत जाकीट-टोपी-मोजे चढवून दोनदा गाडी बदलत पाळणाघरात जायला लागलं की सगळ्या घराची सकाळ रडण्यात जाते.

आता घराचं माप. इथे आपल्यासारखं वन बीएचके, टू बीएचके नसतं. जाहिरातीत नुसता खोल्यांचा आकडा असतो आणि त्यात हॉलही धरलेला असतो. स्वयंपाकघर आणि बाथरूम सोडून बाकी सगळं मोजतात. म्हणजे दोन खोल्यांचं घर म्हणजे आपलं वन बीएचके, आणि तीन खोल्यांचं म्हणजे टू बीएचके. भाड्याचे आकडेही दोन असतात. 'काल्ट' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, आणि 'वार्म' म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंगचा खर्च मिळवून येणारा आकडा. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर. तुलना करायची तर नेहमी वार्मची वार्मशी करा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतून निघालेले नळाचे पाइप, बस. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी सगळं आपण आणायचं, नाहीतर जाणाऱ्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं. हा खर्च पहिल्याच महिन्यात अंगावर येतो, म्हणून बाजूला काढून ठेवा.

डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. काल्ट 900 युरो असेल तर जास्तीत जास्त 2700, आणि तेही तीन हप्त्यांत भरायची सोय कायद्यातच आहे. 2015 पासून दलालाची फी ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची असते, त्यामुळे घरमालकाचा दलाल तुमच्याकडे फी मागत असेल तर देऊ नका. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणालाही एक युरो पाठवू नका. किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणारे भेटतात, ते सगळे लबाड.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार असतो आणि दहावा महिना लागला की पोटात गोळा येतो. इथे करार बहुतेक बेमुदत असतो. भाडेकरू तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो, पण घरमालकाला भाडेकरूला उठवायचं झालं तर सबळ कारण लागतं, जसं त्याला स्वतःला राहायला ते घर हवं आहे. चालू करारातलं साधं भाडं बर्लिनमध्ये तीन वर्षांत 15 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मात्र करारात भाडं महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं असेल तर ही मर्यादा लागत नाही, ते कलम सही करण्याआधी शोधा. नव्या करारांवरही लगाम आहे. त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त घेऊ नये असा नियम 2015 पासून आहे, पण ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या इमारतींना तो लागू नाही.

या सगळ्याचा परिणाम असा की जुने भाडेकरू जागचे हलत नाहीत आणि नवीन माणसाला बाजारभावाने घ्यावं लागतं. म्हणून मी सांगते, कुटुंब वाढणार हे माहीत असेल तर आजच एक खोली जास्तीची घ्या, भले त्यासाठी शहराच्या कडेला जावं लागो. "आता दोन खोल्या घेऊ, दुसरं झालं की बघू" हे गणित पुण्यात जमतं. इथे दोन वर्षांनी तीन खोल्या शोधायला निघालात की भाडं एकदम वरच्या पायरीवर गेलेलं असतं.

शहराची रचना समजून घेतली की निवड सोपी होते. मधल्या शहराभोवती एस-बान म्हणजे लोकल गाड्यांचा एक गोल मार्ग फिरतो. त्याच्या आतला भाग तिकिटाच्या हिशेबात 'ए', त्याच्या बाहेरून शहराच्या हद्दीपर्यंत 'बी'. मासिक पास ए-बीचा एकत्रच येतो, म्हणजे शहराच्या अगदी टोकाला राहिलात तरी तिकीट तेवढंच. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. तरीही आपली बहुतेक मंडळी गोलाच्या आतच घर शोधत बसतात, कारण ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून तीच नावं कानावर पडतात: प्रेन्झलाउअर बेर्ग, मित्ते, क्रॉयत्सबेर्ग. भाग सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. प्रेन्झलाउअर बेर्गच्या खेळाच्या जागा बघून कुणालाही हेवा वाटेल. पण तिथली शंभर वर्षांपूर्वीची घरं चार-पाच मजली, आणि पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही.

अशाच एका घराच्या पाहणीला आम्ही गेलो होतो. घर चौथ्या मजल्यावर, आणि इथे तळमजला शून्य धरतात, म्हणजे जिने चार पूर्ण. लाकडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या, आणि त्या जिन्यावर खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, प्रत्येकाच्या काखेत फाइल. फाइलमध्ये तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पतअहवाल, पासपोर्टची प्रत, आधीच्या घरमालकाचं भाडं थकलेलं नसल्याचं पत्र. मी पोटुशी होते, मोठा नवऱ्याच्या कडेवर, बाबागाडी खाली सायकलींच्या गर्दीत ठेवलेली. घरात मोठ्या खिडक्या, उंच छत, पाय टाकला की करकरणारी लाकडी जमीन. मन बसलं होतं. पण वर जाताना नवरा दोनदा थांबला, आणि मी मनात एक बाळ, एक पोर, दुधाच्या बाटल्या आणि बटाट्याची पिशवी मोजत होते. आम्ही अर्ज न देताच खाली उतरलो.

पूर्वेकडे मार्त्सान आणि हेलर्सडोर्फ आहेत. पूर्व जर्मनीच्या काळात, 1970 च्या दशकाच्या शेवटी मार्त्सानचं काम सुरू झालं, काँक्रीटचे तयार भाग जोडून बांधलेल्या लांबच लांब इमारती. बाहेरून रूक्ष दिसतात, पण आतली घरं नीट आखलेली, उंच इमारतींना लिफ्ट आणि मधे ऐसपैस मोकळी जागा. जगातल्या निरनिराळ्या देशांच्या धर्तीवर केलेल्या बागांचं मोठं उद्यान तिथेच आहे. हेलर्सडोर्फहून यू-5 ही मेट्रो थेट मधल्या शहरातल्या अलेक्झांडरप्लात्झला आणि 2020 च्या डिसेंबरपासून पुढे मुख्य स्टेशनापर्यंत जाते. शेजारच्या लिश्टेनबेर्गमध्ये व्हिएतनामी लोकांचा मोठा बाजार भरतो. पूर्व जर्मनीने कामगार म्हणून आणलेल्या व्हिएतनामी माणसांनी तिथे मूळ धरलं. सुपरमार्केटात कोथिंबीर म्हणजे कुंडीतल्या चार काड्या, या बाजारात मात्र जुडीसारखी जुडी. पूर्वेकडे नोकरी असेल तर हे भाग आवर्जून बघा.

आम्ही पश्चिमेचं टोक धरलं, श्पांडाउ. श्प्रे नदी इथे हाफेलला मिळते. 1920 मध्ये बर्लिनमध्ये सामील होण्याआधी हे स्वतंत्र गाव होतं, आणि ते अजून जाणवतं: स्वतःचा जुना बाजार, स्वतःचा किल्ला, आणि "मी बर्लिनला जाऊन येते" असं म्हणणाऱ्या शेजारच्या आजीबाई. यू-7 इथे संपते, दोन एस-बान इथून सुटतात, लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. नवऱ्याचं ऑफिस अलेक्झांडरप्लात्झजवळ, गाडी न बदलता पाऊण तासाच्या आत पोचतो. टेगेलचा विमानतळ नोव्हेंबर 2020 मध्ये बंद झाल्यापासून डोक्यावरची विमानांची घरघरही गेली.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. रस्ता ओलांडला की पाळणाघर, त्याला इथे किटा म्हणतात. पुढच्या वळणावर वाळूची खेळायची जागा, तिथे एक जुनी लोखंडी घसरगुंडी आणि हातपंप. उन्हाळ्यात पोरं त्या पंपाचं पाणी वाळूत सोडून पाट काढतात, बांध घालतात. आमचा मोठा त्यात असा रमतो की पिंपळनेरकडच्या आजोबांना व्हिडिओ पाठवला तर ते म्हणाले, बांध डाव्या बाजूने फुटेल, तिथे दगड लाव म्हणावं.

किटाचं ऐकून गावाकडे कुणाचा विश्वास बसत नाही. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि बर्लिनमध्ये ऑगस्ट 2018 पासून कुठल्याही वयाच्या मुलाला किटाची फी नाही, फक्त जेवणाचे महिन्याला 23 युरो. पण हक्क असणं वेगळं आणि घराजवळ जागा मिळणं वेगळं. आधी बाल-कुटुंब कार्यालयाकडून व्हाउचर घ्यायचं, ते हातात घेऊन किटा आपणच शोधायचा. व्हाउचरचा अर्ज किटा सुरू करायच्या नऊ महिने आधीपासून देता येतो, तेवढ्या आधीच द्या. आणि घर पक्कं करण्यापूर्वी आसपासच्या तीन-चार किटांत स्वतः जाऊन जागेचं विचारा. फोनवर "नाही" म्हणणाऱ्या बाई समोर पोर दिसलं की निदान वहीत नाव लिहून घेतात.

सरकारी शाळा तर पत्त्यावरूनच ठरते. घर ज्या शाळेच्या हद्दीत, त्या शाळेत आधी हक्क. 30 सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्याच वर्षी शाळेत जातं, आणि बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. म्हणजे आज घेतलेल्या घराचा पत्ता पुढची कितीतरी वर्षं तुमच्या पोराचे मित्र ठरवणार. 2019 पासून शाळकरी मुलांना शहरातला प्रवास फुकट आहे आणि सहावीपर्यंत शाळेतलं दुपारचं जेवणही. दोन मुलांच्या घरात यातून महिन्याला जे वाचतं, ते एका जास्तीच्या खोलीच्या भाड्याला हातभार लावतं.

बाळंतपण इथे होणार असेल तर सुईण वस्तीतच शोधा. बाळ झाल्यावर ती घरी येते, पहिले दहा दिवस तर रोजसुद्धा, आणि खर्च सरकारी आरोग्य विमा देतो. सुईणी एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, म्हणून लांबचं काम घेत नाहीत. दिवस गेल्याचं कळताच फोन लावायला सुरुवात करा. मुलांच्या डॉक्टरचंही तेच.

माझी आई दुसऱ्या बाळंतपणाला आली. व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, पण तीन महिने म्हणजे घरात एक माणूस वाढलंच, त्याला स्वतःचं दार हवं. ती तिसरी खोली तेव्हा सार्थकी लागली. आईला जर्मन येत नाही, इंग्रजी येत नाही. ती नातवाला घेऊन वाळूच्या जागेशी जायची आणि बाकावर एका तुर्की आजीशेजारी बसायची, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आठे बरं शे वं माय, पोरगं पायी पायी जास." तिला एकटीला गाडी बदलून जावं लागलं असतं तर ती घराबाहेर पडलीच नसती.

बाल्कनी असलेलंच घर घ्या, हे माझं खास खान्देशी सांगणं. इथे प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि जायच्या-यायच्या वाटेत धूर ओळखणारी घंटा असते, कायद्यानेच. घरात वांगं भाजायला घेतलं की ती किंचाळते आणि झोपलेलं बाळ उठतं. आम्ही बाल्कनीत विजेचं ग्रिल ठेवलंय. इथली काळी वांगी बामणोदच्या वांग्यांची बरोबरी करत नाहीत आणि कपाशीच्या काड्यांचा धूरही नाही, पण साल करपेपर्यंत भाजून, लसूण-मिरची कांद्याच्या पातीसोबत ठेचून घातली की थंडीत भरीत होतं. जूनमध्ये तिथेच कुरडया आणि बिबड्या वाळतात.

एका गोष्टीवर मात्र कान देऊ नका. आपल्याच लोकांच्या ग्रुपवर "तो भाग चांगला नाही, तिथे बाहेरचे फार" असं सर्रास लिहितात. अहो, बाहेरचे तर आपणही. श्पांडाउबद्दल मलाही तेच ऐकवलं होतं. माझ्या मुलाच्या किटात तुर्की, अरबी, पोलिश, रशियन बोलणाऱ्या घरांतली पोरं आहेत, आणि सगळ्यांची एकमेकांशी बोलायची भाषा जर्मन आहे, म्हणून माझा मुलगा माझ्यापेक्षा भराभर जर्मन बोलतो.

आणि हे फक्त जर्मनीपुरतं नाही. जळगावात पिंपराळ्याच्याही पुढे प्लॉट घेऊन बंगला बांधायचा आणि पोराला व्हॅनमध्ये कोंबून शहराच्या दुसऱ्या टोकाला नामांकित शाळेत पाठवायचं, मे महिन्याच्या तोंडाशी 43-44 अंशांत ते पोर घामाघूम होऊन घरी यायचं, हे माझ्या भावाच्या घरात रोज घडतं. त्यालाही मी हेच सांगते आहे.

सध्या चोपड्याचं एक जोडपं आलंय, बाळ दहा महिन्यांचं. नोकरी आडलर्सहोफला, म्हणजे शहराच्या आग्नेयेला. त्यांनी आमच्याजवळ राहायचं म्हटलं तेव्हा मला आनंद झाला, पण मी नको म्हटलं. इथून रोज शहर आडवं कापत जायचं, आणि किटा बंद व्हायच्या वेळेला दोघांपैकी एकही परत पोचणार नाही. त्यांना योहानिस्थाल आणि क्योपेनिक बघायला सांगितलंय. शनिवारी सकाळी जाऊ नका, कामाच्या दिवशी दुपारी साडेतीनला जा. त्या वेळेला किटा सुटतात आणि वस्तीत कोण राहतं, पोरं कुठे खेळतात, बाबागाड्या कुठल्या दारातून आत जातात हे सगळं रस्त्यावर दिसतं. मग इमारतीचा जिना बघा, बाबागाडी ठेवायला खाली जागा आहे का बघा, आणि पगाराच्या स्लिपांची फाइल सोबतच ठेवा, आवडलं तर अर्ज तिथल्या तिथे द्यायचा.