‘उंच आवाजा’ची प्रत मिळवताना

गायनाच्या परीक्षेसाठी मी ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टचं ‘डू बिस्ट डी रू’ हे जर्मन गाणं निवडलं. गाणं १८२३ सालचं, शब्द फ्रीडरिश र्‍युकर्टचे. ऐकून ऐकून चाल पाठ होती, हवी होती ती छापील नोटेशनची प्रत. अप्पा बळवंत चौकापासून लक्ष्मी रोडपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. कीबोर्डची पुस्तकं होती, गिटारची होती. शुबर्ट कुठेच नव्हता.

शेवटी ऑनलाइन मागवलं. पंचवीस दिवसांनी कोथरूडला पार्सल आलं. पियानोच्या सरांनी पहिल्या दोन ओळी वाजवल्या आणि मी गप्पच झाले. चाल तीच, पण खाली बसलेली. मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत ‘टीफे श्टिमे’ होतं, म्हणजे खालचा आवाज. मी ‘होहे श्टिमे’, उंच आवाजाची प्रत मागवली होती. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला.

आपल्याकडे पट्टी गाणारा ठरवतो आणि तंबोरा त्याप्रमाणे लागतो. इथे पट्टी कागदावरच छापलेली असते, म्हणून एकच गाणं उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळं छापतात. मूळ गाणं काळी दोनचं, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून. माझ्या हातात पांढरी एक. “खाली आहे तर सोपंच की,” आई म्हणाली. पण शेवटच्या कडव्यात सूर पायरी पायरीने चढत तार सप्तकातल्या मध्यमावर जातो, ‘एरहेल्ट’ म्हणजे ‘उजळलेलं’ या शब्दावर. लगेच एक अख्खा बार, म्हणजे नोटेशनमधला तालाचा एक खण, रिकामा, गाणारी गप्प आणि पियानोही गप्प. काळी दोनच्या त्या मध्यमावर माझा आवाज उघडतो. पांढरी एकला तो नुसता लागतो, आणि मग त्या शांततेलाही काही अर्थ उरत नाही.

शुबर्ट १८२८ मध्ये गेला, त्यामुळे गाण्यावर आता कुणाचा हक्क नाही. ‘आयएमएसएलपी’ या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावर जुन्या आवृत्त्या मोफत मिळतात. या वेळी मुखपृष्ठावर भरवसा न ठेवता पहिल्या ओळीतली तीन कोमल चिन्हं, म्हणजे काळी दोनची खूण, मोजली आणि मगच प्रत उतरवून घेतली. अशी प्रत परीक्षेला चालेल का, हे ईमेलने आधी विचारून ठेवलं.

सदाशिव पेठेत जाड कागदावर प्रिंट काढल्या. पान नेमकं त्या चढावरच उलटत होतं, म्हणून शेवटची दोन पानं चिकटपट्टीने शेजारी शेजारी जोडली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या मावसबहिणीने उच्चार बसवून दिले. रिकाम्या बारनंतरच्या ‘ओ फ्युल’मधल्या स्वरासाठी ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची लागते, त्या एका शब्दात अख्खी संध्याकाळ गेली.

परीक्षेत त्या बारला सरांनी हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मी श्वास घेतला आणि ‘ओ फ्युल’ अगदी हळू लावलं.