ओम्नीचा पत्रा

रत्नागिरी, 6 डिसेंबर

बाबांनी 1996 साली घेतलेली पांढरी ओम्नी गेली सात वर्षे आम्हा नवरा-बायकोचे फिरते घर आहे. मागे काढता-घालता येणारी प्लायवूडची फळी टाकली, की गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही मुक्काम करता येतो. मात्र समुद्राकाठी काढलेली प्रत्येक रात्र तिच्या पत्र्याला महागात पडली आहे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर ओलावा धरून ठेवते आणि त्यामुळे गंज झपाट्याने पसरतो. यंदा दारांखालच्या रंगाला फुगे आलेले दिसले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरच्या रंगाला आतून उचलतो, त्याचेच ते फुगे.

मी रंगाचा डबा आणायला निघालो, तेव्हा बाबा ओटीवरून म्हणाले, "अरे, आधी पत्रा वाजवून बघ, मग रंगाचं बोल." स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाजवत गेलो. पुढच्या दाराखाली टणटण आवाज आला, डाव्या सरकत्या दाराखाली मात्र बद्द. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक तिथे चिकटेना. ग्राइंडर लावल्यावर बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्यामागे घड्या घालून कोंबलेला वर्तमानपत्राचा ओला कागद. चार वर्षांपूर्वी एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचे पूर्ण पैसे मोजले होते, ते याच जागेसाठी. कुजलेल्या पत्र्यावर रंग चढवणे ही मी फसवणूकच मानतो, कारण त्या चार वर्षांत आतला गंज वीतभर पुढे सरकला आणि आम्ही मात्र वरच्या चकाकीवर निर्धास्त राहिलो.

14 डिसेंबर

वेल्डिंगवाल्या काकांनी आधी बॅटरीच्या तारा सोडवल्या, पेट्रोलची टाकी उतरवून दूर परसात ठेवली आणि मगच सडका भाग कापून नवा पत्रा बसवला.

गंजाचे मूळ त्यांनीच दाखवले. दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तळाशी पाणी निथळून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आमच्या गाडीची सगळी चिखलाने बुजलेली होती. उजव्या बाजूच्या भोकात सायकलच्या चाकाची तार घातली, तेव्हा पावसाळा संपून इतके दिवस झाले असतानाही तांबूस पाणी थेंबथेंब गळू लागले. ते पाणी पाहून फार वाईट वाटले.

दोन दिवस वायर ब्रश आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर चालवला. जिथे कागद पोहोचत नव्हता, त्या खळग्यांत टॅनिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावले. थोड्याच वेळात तांबडा गंज निळसर काळा झाला. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून पोथ्यांसाठी शाई करत. तिचा काळेपणाही हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोखंड यांच्या संयोगातूनच येतो. त्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात दिले. प्रायमर एकटा पाणी अडवू शकत नाही, म्हणून त्यावर रंग चढेपर्यंत गाडीवर ताडपत्री घालून ठेवली.

21 डिसेंबर

सौ.ला समुद्रासारखा निळा रंग हवा होता, पण गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. शिवाय पंधरा वर्षे उलटून गेल्यामुळे दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागतेच. तेव्हा पांढराच ठरला. हार्डनर मिसळून फवारायच्या रंगात आयसोसायनेट असते. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्यामुळे घरच्या अंगणात तो रंग मला नको होता. सिंथेटिक इनॅमल आणि फोमचा रोलर घेतला.

सकाळी पत्र्यावर दव असते आणि संध्याकाळी ओल्या रंगावर दव पडले तर चकाकी मरते, त्यामुळे दहा ते दोन एवढीच वेळ हाताशी होती. पातळ हात द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचे, ओल्या 800 नंबरच्या कागदाने अलगद घासायचे आणि पुन्हा हात द्यायचा, असे तीन हात झाले. छताच्या पन्हळीत मात्र रोलर जात नाही. तिथे मी अर्धा इंची ब्रश घेऊन, मान वाकडी करून, दोन तास घालवले, कारण पावसाचे पाणी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबते.

आज दुपारी पोकळ पत्र्यांच्या आत पातळ मेण फवारले. खालच्या प्रत्येक भोकातून मेणाचा थेंब बाहेर आला, तेव्हा ते शेवटपर्यंत पोहोचल्याची खात्री पटली. मेण घट्ट होण्याआधी सौ.ने सायकलची तीच तार एकेका भोकातून फिरवून ती मोकळी केली आणि तार पुसून गाडीच्या कप्प्यात ठेवली.