अ‍ॅन आर्बरचे शेवटचे तीन किलोमीटर

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना पाहायला अ‍ॅन आर्बर या त्याच्या गावी जाणाऱ्यांनी सप्टेंबरच्या अनुभवावरून नोव्हेंबरचा अंदाज बांधू नये. मी तो बांधला आणि माझी पुरती फसगत झाली. २०२३च्या सप्टेंबरमध्ये रटगर्स विद्यापीठाविरुद्धचा ३१-७ असा एकतर्फी सामना आम्ही आरामात पाहिला होता. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तिथे शिकणारा भाचा म्हणाला, “मामा, घरच्या मैदानावरचे सगळे सामने सारखेच,” म्हणून २५ नोव्हेंबरला ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यालाही आम्ही त्याच हिशेबाने निघालो. दोन्ही संघ तोवर अकराच्या अकरा सामने जिंकून आले होते, आणि एवढ्या एका गोष्टीवरून मी सावध व्हायला हवे होते.

शिकागोहून पहाटे पाचला निघालो. मिशिगनचे घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असते, हे वेळ ठरवतानाच लक्षात घ्यावे. आय-९४ महामार्गावर काहीही अडले नाही. अडले ते १७५ क्रमांकाच्या एक्झिटवर. तिथून स्टेडियम जेमतेम तीन किलोमीटर आहे आणि तेवढ्याला आम्हाला एक तास वीस मिनिटे लागली. पुढे एका घराच्या अंगणात गाडी लावायला फलकावर ६० डॉलर लिहिले होते. गाडी आत घेतल्यावर आणि मागे रांग लागल्यावर तेथील माणसाने १२० मागितले. फलक सकाळचा आहे, एवढेच त्याचे उत्तर होते. सामना सुरू व्हायला वीस मिनिटे उरली होती, म्हणून मी ते दिले, आणि अजूनही मला त्याचा राग आहे. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी १७५ची वाट बघूच नये. त्याआधीच्या १७२ क्रमांकाच्या एक्झिटने जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूवरून थेट गावात शिरावे, तिथल्या सार्वजनिक वाहनतळावर गाडी ठेवावी आणि मेन स्ट्रीटने सुमारे दोन किलोमीटर चालत जावे. ज्यांना एवढे चालवत नाही, त्यांनी हा सामना घरी टीव्हीवर पाहावा.

पाठीवरची पिशवी आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे अंगावर असेल तेवढेच आपले सामान. स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे आणि बहुतेक जागा म्हणजे पाठ नसलेली धातूची बाके आहेत. जाड कोट घातलेली माणसे त्यांवर आखलेल्या जागेत मावत नाहीत. गार धातूवर साडेतीन तास काढायचे असल्याने खाली घालायला घडीची गादी हवीच. जाहिरातींसाठी खेळ थांबतो, तेव्हा थंडी सर्वाधिक लागते.

मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर बिग टेन परिषदेने, म्हणजे हे संघ ज्या गटात खेळतात त्याच्या संघटनेने, नियमित हंगामातल्या अखेरच्या तीन सामन्यांपुरती मैदानावर येण्याची बंदी घातली होती, त्यामुळे सामन्यात संघ सहायक प्रशिक्षक शेरोन मूर यांच्या हाती होता. तिसऱ्या सत्रात १७-१७ अशी बरोबरी असताना मिशिगनच्या झॅक झिंटर या ६५ क्रमांकाच्या खेळाडूचा पाय मोडला. लाखाहून अधिक माणसे गप्प झाली. माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हातारबाबांनी टोपी काढून छातीशी धरली आणि झिंटरला गाडीतून बाहेर नेईपर्यंत ती तशीच धरून ठेवली. त्यानंतरच्या पहिल्याच चालीत त्याचा सहकारी ब्लेक कोरम चेंडू घेऊन २२ यार्ड धावला, टचडाउन केला आणि त्याने बोटांनी सहा आणि पाच असे आकडे दाखवले. त्या क्षणी गाडीचे पैसे, बधिर झालेली पावले, सगळे विसरलो. शेवटच्या मिनिटात मिशिगनच्या रॉड मूरने ओहायो स्टेटचा पास अडवून चेंडू पकडला आणि मिशिगनने सामना ३०-२४ असा जिंकला, तेव्हा मी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होतो.

पुढे अलाबामाला जादा वेळेत हरवून आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असे नमवून संघाने १५-० असा हंगाम पूर्ण केला. ते दोन्ही सामने मी घरी पाहिले, पण त्या शनिवारची सर त्यांना आली नाही.

परतताना त्या अंगणातून गाडी बाहेर काढायला पावणेदोन तास लागले. गाडी गावात ठेवलेली असेल, तर तेवढा वेळ गरम सूप घेत बसता येते. ओहायो स्टेटचा सामना अ‍ॅन आर्बरला विषम वर्षीच असतो. सम वर्षी त्यासाठी कोलंबसला जावे लागते.