जांभ्यातले बैल आणि शिगम्याचे ढोल
गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगळीमळ येथे, जांभ्या दगडावर प्रागैतिहासिक काळात कोरलेले बैल, मानवाकृती आणि तो चक्रव्यूह पाहून परतलो, तेव्हा गावात शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे, ढोल-ताशे वाजत होते आणि रोमटामेळात, म्हणजे ढोलाच्या तालावर नाचत जाणाऱ्या मिरवणुकीत, शेजारचे एरवी अबोल असलेले काकाही भान हरपून नाचत होते. गोव्यातल्याच साळगावात १९२४ साली जन्मलेले आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी रंगवलेली विद्रूप मस्तके मला त्या रात्री आठवली, कारण त्यांत आदिम ऊर्मी तीच आहे, मात्र भोवती मेळ नाही. (त्या मस्तकांना निव्वळ बंडखोरी म्हणणे मला अपुरे वाटते.) मिरवणुकीच्या कडेला कित्येक हात मोबाइल उंचावून उभे होते, आणि त्यांत एक माझाही होता.